विश्लेषण : शिष्यवृत्त्या अनेक, पण प्रवेशाच्या दिवशी हात रिकामाच?

बारावीचा निकाल लागला की घराघरांत गुणांच्या बरोबरीने शुल्काचाही हिशेब सुरू होतो. महाविद्यालयीन शिक्षणासाठी राज्य आणि केंद्र सरकारच्या योजना कमी नाहीत. त्या कोणासाठी आहेत आणि अडचण नेमकी कुठे येते?

राज्याच्या योजना कोणत्या?

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शुल्काचा निम्मा भार मिळतो. येथे उत्पन्न मर्यादा आठ लाख रुपये आहे. याच मर्यादेत बसणाऱ्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. या योजनांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे असतात.

राहण्या-जेवणाचे काय?

गावाकडून पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या विद्यार्थ्याला शुल्कापेक्षा खोलीभाडे आणि मेस जड जाते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयंम्, तर इतर मागास वर्गातील विद्यार्थ्यांना सावित्रीबाई फुले आधार योजनेतून निर्वाहासाठी रक्कम मिळते. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे.

केंद्राकडून काय मिळते?

बारावीत आपल्या मंडळात ८० व्या पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्यांना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून पदवीसाठी वर्षाला १२ हजार, पदव्युत्तरसाठी २० हजार रुपये मिळू शकतात. पण ही शिष्यवृत्ती घेताना दुसरी शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी घेता येत नाही. त्यामुळे कशात फायदा अधिक, हे आधी मांडून पाहावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदाराविना शैक्षणिक कर्ज मिळते. हे कर्जच आहे. परतफेड चुकत नाही.

मग घोडे अडते कुठे?

मुख्य दोष वेळेचा आहे. प्रवेश पावसाळ्यात होतो, अर्ज त्यानंतर भरले जातात, महाविद्यालय आणि मग विभाग त्यांची छाननी करतो आणि पैसे कधी कधी परीक्षा उरकल्यावर खात्यात येतात. कागदावर जी माफी असते, ती घरच्यांच्या दृष्टीने उशिरा मिळालेला परतावा ठरते. ज्याच्याकडे आधी भरायला पैसे आहेत त्याला हा उशीर सोसतो. ज्याच्याकडे नाहीत तो सावकाराकडे जातो किंवा अभ्यासक्रमच बदलतो. म्हणजे ज्याच्यासाठी योजना आखली, तोच तिच्यापासून लांब राहतो.

उपाय काय?

उत्पन्नाचा, जातीचा व नॉन-क्रीमीलेअर दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते ही तयारी निकालाआधीच करावी. दरवर्षी अर्जाचे नूतनीकरण विसरू नये. पण सारा भार विद्यार्थ्यावर टाकून भागणार नाही. पात्रता प्रवेश प्रक्रियेतच तपासून निकाली काढावी, महाविद्यालयांची रक्कम सरकारने वेळेत द्यावी आणि थकबाकीपोटी विद्यार्थ्याची गुणपत्रिका वा दाखला अडवला जाऊ नये. नव्या योजनेच्या घोषणेपेक्षा जुन्या योजनेचा हप्ता वेळेवर जमा होणे, हीच या घरांसाठी खरी मदत आहे.