दादांची सही

यंदा दादांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. दादा म्हणजे माझे वडील. दौंडच्या लोको शेडमध्ये खलाशी म्हणून लागले आणि फिटर म्हणून निवृत्त झाले. १९९८ साली गेले. शताब्दीनिमित्त एक छोटी स्मरणिका काढायची असं भाच्यांनी ठरवलं. "आत्या, तू बाई होतीस, तूच लिही," म्हणाले. मी चार पानं लिहून पाठवली. दोन दिवसांनी धाकट्या भावाचा फोन आला.

"अक्का, सगळं छान लिहिलंयस. तेवढा कॉलेजचा परिच्छेद काढूया का? गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये गं."

मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून बघतेच आहे.

तो परिच्छेद असा होता. १९६७ साली मी मॅट्रिक झाले. तेव्हा अकरावीची मॅट्रिक असे. मला पुण्याला कॉलेजात जायचं होतं. प्रवेशाचा फॉर्म आणला, भरला, पालकांच्या सहीची जागा तेवढी मोकळी ठेवली. दादा शेडमधून आले. त्यांच्या नखांतलं काळं वंगण रॉकेलनं धुतलं तरी जात नसे. त्या हातांनी त्यांनी फॉर्म उचलला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत ठेवला. "पोरगी पुण्यात एकटी राहिली तर लोक काय म्हणतील?" बस्स. सही काही केली नाही. मी नगरला मावशीकडे राहून डी.एड. केलं. दोन वर्षांनी भाऊ मॅट्रिक झाला. त्याचा फॉर्म दादांनी स्वतः पुण्याला जाऊन भरला.

आता पुढचं ऐका. १९७१ साली लग्न होऊन मी शिरूरला आले आणि शाळेत नोकरीला लागले. दोन मुलं झाली. पण बी.ए.चं काही मनातून जाईना. अखेर पुणे विद्यापीठात बहिःस्थ विद्यार्थी म्हणून नाव घातलं. अभ्यास रात्री, परीक्षा पुण्यात. पण परीक्षेच्या दिवसांत मुलांना कुणी बघायचं? सासूबाई आजारी, यजमानांची नोकरी फिरतीची. मी आईला पत्रात हे सहज लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. पेपरच्या आदल्या दिवशी हातात कापडी पिशवी घेऊन दादाच दारात उभे!

रेल्वेचा पास खिशात बाळगणारा हा माणूस. पण शिरूरला रेल्वे तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. त्यामुळे आमच्याकडे यायचं तर त्यांना एसटीचं तिकीट काढावं लागे. न्हावऱ्यावरून धूळ खात यायचे. हक्काची रजा टाकून आले होते. लागोपाठ तीन वर्षं, तिन्ही परीक्षांना आले. मी पहाटेच्या गाडीनं सत्तरेक किलोमीटरवरच्या पुण्याला जायची ती संध्याकाळी परतायची. तोवर घरात खिचडी झालेली असे, मुलीची वेणी घातलेली असे. वेणी नेहमी एका बाजूला कललेली! आमच्या लहानपणी ज्यांनी कधी पाण्याचा तांब्या हातानं भरून घेतला नाही, तेच हे दादा.

माझ्या मुलांना आजोबा आठवतात ते हे असे. काड्यापेट्यांची आगगाडी करून ते मुलांना दौंड जंक्शन समजावून सांगत. पुण्याहून येणारी गाडी मनमाडकडे जायची असेल तर दौंडला इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं, मग शेवटचा डबा पहिला होतो. (आता कॉर्ड लाईन झाल्यामुळे काही गाड्या स्टेशनात न येता बाहेरूनच वळतात.) दौंड-मनमाड मार्ग १८७८ सालचा, हे ते घरची गोष्ट सांगावी तसं सांगत. शिरूरला रेल्वे नाही म्हणून मुलं खट्टू झाली की म्हणत, "अरे, महाराष्ट्रातली पहिली एसटी १ जून १९४८ला नगरहून पुण्याला गेली ती तुमच्या शिरूरवरूनच. तुमचं गाव काय कमी आहे का?"

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा दादा मला एवढंच म्हणाले, "बरं झालं." कॉलेजच्या फॉर्मबद्दल ते कधीच बोलले नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. ते गेल्यावर भीमेकाठी दशक्रिया झाली, तेव्हा शेडमधले एक जुने सहकारी मला म्हणाले, "ताई, तुमच्या बी.ए.चे पेढे आम्ही सगळ्यांनी खाल्लेत बरं का." मला हे माहीतच नव्हतं.

त्याच दिवशी भाषणंही झाली. "मनमिळाऊ, कष्टाळू, देवमाणूस." वाचकहो, आपण असंख्य दशक्रियांना जाऊन बसलो असाल. हेच तीन शब्द प्रत्येकाला लावलेले तुम्हीही ऐकले असतील. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर नाव आणि फोटो बदलतो, शब्द तेच. खोटं नसतं ते, पण त्यातून माणूस कळत नाही. आणि माझं म्हणणं असं की, चूक झाकली की तिची भरपाईही झाकली जाते. दादांनी सही केली नाही हे लिहायचं नसेल, तर ते रजा टाकून शिरूरला का आले तेही सांगता येत नाही. मग उरतात नातवंडांना खिचडी करून घालणारे एक प्रेमळ आजोबा. असे घरोघरी असतात. पण बावन्न-त्रेपन्नाव्या वर्षी, एक शब्दही न बोलता स्वतःला बदलणारा बाप घरोघरी नसतो.

डॉ. नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' १९९३ साली आलं. दामोदर जाधवांनी निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून लिहून ठेवलेल्या आठवणी त्या पुस्तकाच्या मुळाशी आहेत. मुलानं बापाला लिहायला लावलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आम्ही दादांना विचारलंसुद्धा नाही. सही न करताना त्यांच्या मनात काय होतं? निव्वळ लोकांची भीती, की पैशाची ओढाताणही? आता सांगणारं कुणी नाही. ही चूक मात्र माझी. तुमच्या घरी कुणी थकलेलं माणूस असेल तर आजच जवळ बसा आणि विचारा. गोड तेवढंच विचारू नका.

काल भावाला फोन केला. म्हटलं, "परिच्छेद काढणार नाही. हवं तर त्याच्या खाली पेढ्यांचं लिहिते." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अक्का, माझा फॉर्म भरला तेव्हा मीही कधी विचारलं नाही, की अक्काचं काय." इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदाच बोलला.

स्मरणिकेत आता तेही वाक्य येणार आहे. त्यानंच घाल म्हणून सांगितलं.