अटक झाली, टर्की कोण सांभाळणार?

रात्री साडेअकराला पोलीस शिपाई एकाला घेऊन ग्रामीण रुग्णालयात येतो. दारूबंदी कायद्याचे कलम ८५, दारू पिऊन गोंधळ. तोंडाला वास आहे, पण माणूस सरळ चालतो, नाव-गाव नीट सांगतो. ड्युटीवरचा वैद्यकीय अधिकारी १९५९ च्या नियमांप्रमाणे फॉर्म भरतो, रक्त काढतो, बाटली सील करतो आणि आपल्या सगळ्यांच्या हाताला सवयीचे झालेले वाक्य लिहितो : मद्यप्राशन केले आहे, परंतु अंमलाखाली नाही. पोलिसांचे काम झाले. शेवटचा पेग कधी घेतला, सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, पूर्वी दारू सुटल्यावर कधी फिट आली होती का, हे प्रश्न गुन्हा शाबीत करायला लागत नाहीत, म्हणून ते विचारायचे राहून जातात.

खरे तर वैद्यकीय दृष्टीने हाच रुग्ण जास्त धोक्याचा. रक्तात भरपूर अल्कोहोल असताना जो सरळ चालतो, त्याचे शरीर दारूला सरावलेले आहे. दारू बंद झाली की पहिला दणका त्यालाच बसणार. तीन बिअर पिऊन झोकांड्या खाणारा कॉलेजचा पोरगा लॉकअपमध्ये झोपून सकाळी बरा होईल. फॉर्म मात्र या दोघांना नेमक्या उलट्या क्रमाने लावतो.

अमली पदार्थांचा कायदा कडक हवा की सैल, दारूबंदी हवी की नको, हा वाद आपल्याकडे अधूनमधून उसळतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझ प्रकरणाच्या वेळी उसळला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातून आणि इतर ठिकाणांहून हजार किलोहून जास्त एमडी (मेफेड्रोन) पकडले, तेव्हा पुन्हा उसळला. चर्चेला पोलीस असतात, वकील असतात, पुढारी तर असतातच. आपल्यापैकी कोणी बोलावले गेलेच, तर व्यसनाचे दुष्परिणाम सांगायला. वादात कोणत्याही बाजूला उभे राहा, व्यसनी माणसाची प्रत्येक अटक म्हणजे देखरेखीशिवाय अचानक तोडलेली नशा असते, आणि त्या अटकेच्या कागदावर सही आपली असते. त्या सहीविषयी या अंकात बोलायचे आहे.

घड्याळ लावून बघा. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या दोन दिवसांत. डिलिरियम दुसऱ्या ते चौथ्या दिवसात केव्हाही. आता कायद्याचे घड्याळ शेजारी ठेवा. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचे. म्हणजे हा माणूस कोर्टात उभा राहतो तेव्हा कापत असतो, आणि गुन्हा जामिनाचा नसेल तर त्याच्या भिंतीवर किडे चालायला लागतात ते कोठडीत. शिपायाला वाटते नाटक करतोय. हवालदाराला वाटते भूतबाधा, किंवा मार खायची लक्षणे. सकाळपर्यंत ताप, वाढलेली नाडी, झटापट, आणि मग त्याच ग्रामीण रुग्णालयात पुन्हा आणले जाते. त्या वेळी तरी ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन गेले पाहिजे, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

गर्द (ब्राऊन शुगर) घेणाऱ्याची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, सहसा जीव घेत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शिगेला जाते, उलट्या-जुलाबांनी माणूस सुकतो, हाडे मोडल्यासारखी दुखतात. जीव जातो तो सुटल्यावर. महिनाभर आत राहून शरीराची सवय मोडलेली असते आणि बाहेर आल्यावर पहिली पुडी जुन्याच मापाने घेतली जाते. एमडीची गोष्ट निराळी. तिथे झोप, भूक, संशय आणि आत्महत्येचे विचार सांभाळावे लागतात. बाजारात मिळणाऱ्या साध्या लघवीच्या पट्ट्यांवर एमडी दिसेलच असे नाही. उलट रोज गांजा ओढणाऱ्याची पट्टी शेवटच्या चिलमीनंतर कित्येक दिवस, कधी आठवडेही पॉझिटिव्ह येते. पट्टीवरची रेघ माणूस नशेत आहे की व्यसनाधीन आहे ते सांगत नाही. तिच्या आधाराने दोहोंपैकी काहीही प्रमाणित करू नये.

आमचे मत विचाराल तर निव्वळ सेवनासाठी तुरुंग नको. २०२१ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानेही वैयक्तिक सेवनाला शिक्षेऐवजी उपचारांकडे वळवण्याची शिफारस केली होती. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचे कलम २७ मात्र आजही आहे : ब्राऊन शुगर, कोकेनसाठी एक वर्षापर्यंत, इतर बहुतेक पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद. पण कायदा बदलण्याची वाट बघत बसायची गरज नाही. १९८५ च्या याच एनडीपीएस कायद्यात दोन दारे आहेत आणि ती आपल्या व्यवसायासाठीच ठेवलेली आहेत. कलम ३९ : दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला तिच्या संमतीने न्यायालय उपचारांसाठी सोडू शकते. कलम ६४अ : सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने उपचाराला आला आणि त्याने उपचार पूर्ण केले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. अर्धवट सोडले, तर हे संरक्षण काढून घेता येते.

दोन मेखा आहेत. एक, उपचार करणारी संस्था सरकारची, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा त्यांनी मान्यता दिलेली हवी. आपल्या खासगी दवाखान्याचे पत्र, भाषा कितीही चांगली असली तरी, तिथे चालत नाही. दोन, अल्प प्रमाण. हेरॉइनचे पाच ग्रॅम, एमडीचे दोन, गांजाचा एक किलो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या हिरा सिंग निकालानंतर पुडीतल्या भेसळीचेही वजन धरले जाते. रस्त्यावरच्या ब्राऊन शुगरमध्ये असली माल किती असतो ते आपल्या रुग्णांना विचारा. चार दिवसांची बेगमी एकदम घेणारा गरीब गर्दुल्ला निव्वळ भुकटीच्या वजनाने ६४अ च्या बाहेर जाऊ शकतो. समुपदेशकाने हे रुग्णाच्या घरच्यांना आधीच सांगावे. वकील सांगेल तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

दारूकडे येऊ. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि पावणेसहा कोटींना तिच्यासाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकाला कसलेतरी उपचार मिळतात. महाराष्ट्राच्या तिजोरीत दारूतून वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक येतात, कायद्याचे नाव अजून दारूबंदीचेच आहे आणि प्यायला परवाना लागतो तो काही रुपयांत गल्ल्यावरच फाडून मिळतो. या विसंगतीवर हसून झाले की उरलेले सदतीस जण कुठे आहेत ते शोधावे लागते. त्यातले बरेच पोलीस ठाण्याच्या वाटेने आपल्यापर्यंत येऊन, प्रमाणपत्र घेऊन परत गेलेले आहेत.

दारूबंदीच्या बाजूच्या मंडळींशी आमचे भांडण नाही. नवऱ्याच्या मारातून सुटण्यासाठी आडव्या बाटलीला मत देणाऱ्या बाईला आकडेवारी शिकवायला आम्ही जाणार नाही. घरात काय चालते ते तिला आपल्यापेक्षा ठाऊक असते. प्रश्न बाटली आडवी झाल्याच्या दुसऱ्या दिवशीचा आहे. दुकान बंद होते, शरीराची मागणी बंद होत नाही. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले. त्याआधी, २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले तेव्हा तर मुंबईत बंदीही नव्हती. स्वस्त नशेची गरज होती. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि मे २०२१ मध्ये उठवली गेली. ती उठवताना चर्चा झाली अवैध विक्रीची आणि महसुलाची. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि तिथे मुक्तिपथ या व्यसनमुक्ती अभियानाने गावसंघटनेच्या जोडीला तालुक्याला उपचाराची सोय केली, ही बाब बंदीचे समर्थक आणि विरोधक दोघेही घाईत ओलांडून जातात. बंदी यशस्वी की अयशस्वी यापेक्षा, बंदीच्या पहिल्या आठवड्यात तालुक्यात डायझेपाम आणि थायमिन किती होते, हा प्रश्न आम्हाला जास्त उपयोगाचा वाटतो.

उपचाराच्या नावाखाली कोठडी चालवणारी केंद्रे हा आपल्याच घरातला प्रश्न. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थितींनाही लागू आहे. मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी नसलेल्या, साखळी-कुलपाने ‘सुधारणा’ करणाऱ्या जागी कमिशन घेऊन रुग्ण धाडणारे आपल्यात आहेत. पोलिसांना नावे ठेवण्याआधी अशांची यादी करावी लागेल.

सहीकडे परत. अटकेतल्या व्यक्तीची तपासणी करताना पोलिसांच्या फॉर्मखाली चार ओळी जादा लिहायला कोणताही कायदा अडवत नाही : शेवटचे सेवन केव्हा आणि किती, पूर्वी फिट किंवा डिलिरियम झाला होता का, पुढच्या ७२ तासांत कशावर नजर ठेवायची, आणि काय झाल्यास ताबडतोब रुग्णालयात आणायचे. शेवटची ओळ मराठीत, शिपायाला वाचता येईल अशी. एक प्रत ठाणे अंमलदाराला पोच घेऊन द्यावी. त्या नोंदीचा दंडाधिकाऱ्यांपुढे उपयोग होतो, आणि कोठडीत काही बरेवाईट झालेच तर तुम्हालाही होतो. मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. तेव्हापासून नमुन्याच्या सीलबद्दल दक्षता वाढली असेल तर चांगलेच. तेवढीच दक्षता नमुना देणाऱ्याबद्दल हवी.

अशा नोंदीचा एक पानी नमुना पुढील अंकात छापत आहोत. ज्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्वतःचा काही नमुना तयार केला असेल त्यांनी महिनाअखेरपर्यंत पाठवावा. रुग्णाचे नाव आणि पोलीस ठाणे खोडून पाठवा.