खलनायक सुधारला, हे केव्हा पटते?

कार्टून म्हणजे पोरांची करमणूक, तिच्याविषयी वर्तमानपत्रात काय लिहायचे, असे पुष्कळांना वाटेल. पण आपल्या घरांतील मुले चांगले कोण आणि वाईट कोण हे आता कीर्तनात किंवा आजीच्या मांडीवर बसून शिकत नाहीत. ती पडद्यासमोर शिकतात, आणि आपल्या बेटावर बहुधा फ्रेंचमधून शिकतात. तेव्हा पडद्यावरचा दुष्ट माणूस सुधारतो तो कसा सुधारतो, इकडे आईबापांनी थोडे लक्ष द्यायला हरकत नाही.

मी सध्या दुबईत शिकवते. येथे पाय ठेवल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की, अमिरातीच्या स्वतःच्या गाजलेल्या कार्टून मालिकांत खलनायक जवळजवळ नाहीच. २००६ च्या रमजानमध्ये सुरू झालेली मोहम्मद सईद हारिब यांची ‘फ्रीज’ ही मालिका घ्या. (हा शब्द आपल्या स्वयंपाकघरातील थंड कपाटाचा नव्हे, येथल्या बोलीत त्याचा अर्थ आळी, मोहल्ला.) त्यात बदलत्या दुबईत राहणाऱ्या चार म्हाताऱ्या आहेत. त्या भांडतात, कुरकुरतात, नव्या जगाला नावे ठेवतात, आणि आपल्या कुठल्याही गावातल्या देवळाच्या ओट्यावर सहज शोभतील. पण त्यांतल्या कोणालाही सुधारायचे काही नाही. अबू धाबीहून १९७९ साली निघालेल्या ‘माजिद’ या मुलांच्या नियतकालिकातील ‘कसलान जिद्दन’, म्हणजे महाआळशी, हे पात्रही तसेच. त्याचा आळस गेला तर विनोदच गेला. आपल्याकडच्या ‘छोटा भीम’मधील कालियाचे तेच. एका भागाच्या शेवटी तो वरमतो, पुढच्या भागात पुन्हा दांडगाई करायला हजर! यात वाईट काही नाही, मुले हसतात. मात्र माणूस बदलतो कसा, हे त्यातून कळत नाही.

ते ज्या मालिकेत कळते ती अमेरिकेत २००५ ते २००८ या काळात तयार झालेली ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’. तिचे भाग ६१. माझ्या वर्गात केरळची, इजिप्तची, फिलिपाइन्सची, पाकिस्तानची मुले बसतात. त्यांचे खाणे वेगळे, सण वेगळे, पण झुको सगळ्यांना ठाऊक. झुको हा अग्निराष्ट्राचा राजपुत्र. तेराव्या वर्षी भर दरबारात सेनापतींपुढे एका क्रूर बेताला विरोध केला म्हणून बापानेच त्याचा चेहरा जाळला आणि त्याला हद्दपार केले. ‘अवताराला पकडून आण, मग घरी ये’ ही अट. म्हणून तो आंग नावाच्या मुलाचा जगभर पाठलाग करतो, गावे धमकावतो, घरे जाळतो.

लेखकांनी त्याला एका रात्रीत साधू केले नाही, ही पहिली गोष्ट. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस तो जवळजवळ सुधारलेला असतो. पकडलेला मुका प्राणी त्याने सोडून दिलेला असतो, त्यानंतर तापाने फणफणलेला असतो, काकाच्या चहाच्या दुकानात हसायला शिकलेला असतो. कैदेत त्याच्याबरोबर अडकलेली कटारा नावाची मुलगी त्याच्यावर विश्वास ठेवते आणि तिच्याजवळच्या दुर्मिळ पाण्याने त्याच्या गालावरचा डाग बरा करायलाही तयार होते. आणि तासाभरात तो बहिणीच्या, अझुलाच्या, बाजूने उभा राहतो. आंग मरता मरता वाचतो. ज्या काकाने तीन वर्षे त्याला सांभाळले तो तुरुंगात जातो. हे पाहून मुले चिडतात. चिडायलाच हवे. हा घसरता पाय नसता तर पुढचे सारे गुळगुळीत झाले असते.

आता माझ्या मते यातला खरा मर्म. झुको घरी परततो तेव्हा त्याला हवे ते सर्व मिळते. बाप प्रसन्न, राजवाडा त्याचा, युद्धाच्या सभेत बापाच्या उजव्या हाताला आसन. आणि तेव्हा तो निघतो. हरलेला असताना नव्हे, जिंकलेला असताना. हरल्यावर पाया पडणारा खलनायक आपण हजार हिंदी सिनेमांत पाहिला आहे. शेवटच्या रिळात पोलीस आले की त्याला आईची आठवण होते. त्याला शरणागती म्हणावे. हातातले टाकून जो जातो, त्याच्याविषयी मात्र विचार करावा लागतो.

आणि टाकल्याचा खर्चही मालिका दाखवते. तो आंगच्या मित्रांकडे येतो तेव्हा त्याला कोणी जवळ करीत नाही. रात्री भेटायला आलेल्या आंधळ्या मुलीचे पाय तो चुकून भाजतो. त्यानेच पूर्वी धाडलेला मारेकरी येतो, आणि त्यालाच त्याच्यापुढे उभे राहावे लागते. मग कुठे त्याला ठेवून घेतात. त्यानंतर असे कळते की, त्याची अग्निविद्याच लुळी पडली आहे, कारण इतके दिवस ती रागावर चालत होती आणि राग तर गेला. किती शहाणपणाची कल्पना आहे ही! वाईट सवय सुटली की तिच्या आधारावर उभे असलेले काहीतरी कोसळतेच, आणि माणसाला पहिल्यापासून शिकावे लागते.

यावर वर्गात एकदा वाद झाला. झुको सुधारला केव्हा? त्याने माफी मागितली तेव्हा, असे बहुतेकांचे मत. एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, म्हणाली, “माफी त्याने मागितली, पण कटाराला कोणी विचारले?” वर्ग थोडा वेळ गप्प झाला.

त्या मुलीचे बरोबर होते. इतरांनी झुकोला घेतल्यावरही कटारा घेत नाही. पुन्हा घसरलास तर तुझा शेवट मी करीन, असे त्याला बजावते. सर्वांत आधी विश्वास तिने ठेवला होता, म्हणून तिचा राग सर्वांत मोठा. पुढे झुको तिला तिच्या आईच्या मारेकऱ्यापर्यंत पोहोचवतो. त्या म्हाताऱ्याला ती मारत नाही, पण क्षमाही करीत नाही. झुकोला करते. दोन अपराधी, दोन निराळे निर्णय, आणि दोन्ही तिचे स्वतःचे. मुलांच्या कार्टूनमध्ये एवढे धाडस मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

शिक्षकी पेशात आम्हांला काय शिकवतात? भांडण मिटवा, हात मिळवायला लावा, धडा पुढे न्या. चाळीस मिनिटांच्या तासात दुसरे सुचतही नाही. मारणारा “सॉरी” म्हणतो, मार खाल्लेल्याने “ठीक आहे” म्हणायचे असते, आणि नाही म्हटले तर तोच हट्टी ठरतो. ही सक्ती मला मान्य नाही. ज्याला लागले त्याला वेळ द्यावा, आणि ज्याने मारले त्याला काही काम द्यावे.

काही पालक म्हणतात, अशा गोष्टींनी मुलांना दुष्टांचाच लळा लागतो. ही भीती अगदीच पोकळ नाही. पण त्याच घरात, त्याच बापाच्या हाताखाली अझुलाही वाढली, आणि ती सुधारत नाही. बापही सुधारत नाही. झुकोपाशी आयरो काका होता. हा काका स्वतः एके काळचा सेनापती. त्याने सहाशे दिवस एका शहराला वेढा घातला आणि त्या लढाईत आपला मुलगा गमावला. पुतण्या क्षमा मागायला त्याच्या तंबूत येतो आणि तो झोपेतून उठेपर्यंत बसून राहतो. त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच काका त्याला मिठीत ओढतो. येथे ताबडतोब मिळालेली क्षमाही पटते, कारण कटाराची उशिरा मिळालेली आपण पाहिलेली असते.

वाचकहो, आपल्या पूर्वजांनी कोकणातून जहाजात चढताना सोबत आणलेल्या गोष्टींत वाल्या कोळ्याची गोष्ट नक्की असेल. वाटसरूंना मारून त्याने सात रांजण खड्यांनी भरले. नारदाने विचारले, या पापात तुझी बायकापोरे वाटेकरी आहेत काय? घरी जाऊन विचारतो तर सगळ्यांनी हात झटकले. हा प्रसंग झुकोच्या तोडीचा आहे. वाल्याही हरलेला नव्हता, त्याचा धंदा जोरात होता. शिवाय अंगावर वारूळ चढेपर्यंतची तपश्चर्या आहे. पण त्या सात रांजणांतील एकाही खड्याच्या घरच्यांना कोणी काही विचारले नाही. सांगणारे घाईघाईने ‘मरा मरा’चे ‘राम राम’ करून मोकळे होतात.

दुबईतही अशी सामग्री आहे. येथल्याच बराजून या संस्थेने ‘बिलाल’ हा कार्टून चित्रपट काढला; २०१५ साली दुबईच्या चित्रपट महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला. गुलाम बिलालचा छळ करणारा मालक उमय्या त्यात आहे, त्याचा मुलगा सफवानही आहे. चित्रपट बाजूला ठेवू. इस्लामी परंपरेत असे सांगतात की, बद्रच्या लढाईत बाप मारला गेल्यावर सफवान कित्येक वर्षे वैर धरून होता. ६३० साली मक्का पैगंबरांच्या हाती आल्यावर त्याने विचार करायला दोन महिने मागितले. त्याला चार मिळाले.

दोन मागितले आणि चार मिळाले, यावर एखाद्या चांगल्या लेखकाने आख्खे पर्व लिहावे. येथल्या कलावंतांपाशी साधने आहेत, पैसा आहे, ‘फ्रीज’ने मिळवलेला प्रेक्षकही आहे. ते चार महिने त्यांनी चार भागांत तरी दाखवावेत, एका गाण्यात उरकू नयेत. आणि पुण्या-मुंबईकडच्या कोणी वाल्या घ्यायचे ठरवले, तर रांजणातला एक खडा उचलून त्याच्या घरी जावे. तिथली बाई काय म्हणते ते ऐकायला माझा वर्ग तयार आहे.