लिम्फोमा बरा झाल्यावर दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन हवा का?

लिम्फोमाचे उपचार संपून शेवटच्या पेट स्कॅनचा रिपोर्ट चांगला आला, की रुग्ण आणि नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, आता पुढचा स्कॅन कधी?" आजार उलटलाच तर लवकर कळावा, ही त्यामागची भावना रास्त आहे. तरीही ज्यांना काहीही त्रास नाही त्यांनी ठरावीक काळाने पेट स्कॅन करत राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या तपासणीत ग्लुकोजसारखे, किंचित किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. जिथल्या पेशी साखर जास्त वापरतात, तो भाग स्कॅनवर चमकतो. ही चमक यकृताच्या तुलनेत किती आहे यावरून 1 ते 5 असा डोव्हिल स्कोअर देतात. 1 आणि 2 म्हणजे उत्तम, 3 बहुतेक वेळा चांगलाच. 4 किंवा 5 आला तर पुढे तपास करावा लागतो.

उपचार संपल्यावरचा हा एक स्कॅन फार मोलाचा आहे. केमोथेरपीनंतर साधारण 6 ते 8 आठवड्यांनी आणि रेडिएशननंतर सुमारे 3 महिन्यांनी तो करतात. घाई केली तर उपचारांमुळे आलेली सूजही चमकते. हा रिपोर्ट चांगला असेल तर आजार उलटण्याची शक्यता बरीच कमी असते. पण ती शून्य नसते, कारण मूठभर उरलेल्या पेशी स्कॅनला दिसत नाहीत.

मग तो पुन्हा पुन्हा का करू नये? कारण चमकणारी प्रत्येक गोष्ट कॅन्सर नसते. क्षयरोग, न्यूमोनिया, नुकतीच घेतलेली लस यांमुळेही गाठी चमकतात. तरुणांमध्ये केमोथेरपीनंतर छातीतली थायमस ग्रंथी काही काळ वाढते, तीही चमकते. आपल्याकडे क्षयरोग इतका आढळतो, की केवळ स्कॅनवरून "आजार परत आला" असे म्हणणे धोक्याचे आहे. शक्य तिथे बायोप्सी करून खात्री केल्याशिवाय पुन्हा केमोथेरपी सुरू करू नये. शिवाय खर्च, किरणोत्सर्ग आणि रिपोर्ट येईपर्यंतची घालमेल आहेच.

2014 साली प्रसिद्ध झालेल्या लुगानो शिफारशींनीही आजार पूर्ण आटोक्यात आल्यावर असे नेमाने स्कॅन करू नयेत, असेच सुचवले आहे. अपवाद आहेत. हळू वाढणाऱ्या लिम्फोमात पोटात आतवर गाठ उरली असेल, तर तुमचे डॉक्टर स्कॅन सांगू शकतात.

स्कॅन नको म्हणजे लक्ष नको, असे नव्हे. वेगाने वाढणारा लिम्फोमा उलटला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, आणि बहुतेकदा तो रुग्णाच्या तक्रारीतून किंवा डॉक्टरांच्या तपासणीतूनच लक्षात येतो. म्हणून ठरलेल्या तारखेला दाखवायला जरूर जा. मान, काख किंवा जांघेत नवी गाठ आली, कारण नसताना ताप राहिला, रात्री कपडे भिजण्याइतका घाम आला किंवा वजन उतरू लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. "मागचा स्कॅन तर स्वच्छ होता" म्हणून घरी थांबणे, हा माझ्या मते स्कॅनवरच्या अतिविश्वासाचा सर्वांत मोठा तोटा आहे.

जुने रिपोर्ट आणि स्कॅनची सीडी मात्र जपून ठेवा. पुढे कधी शंका आलीच, तर तुलनेसाठी त्यांचा मोठा उपयोग होतो.