गरिबाच्या मुलास तत्त्वज्ञान कशाला?

सामुदायिक महाविद्यालय म्हणजे आसपासच्या वस्तीतील कष्टकरी तरुणांस अल्प खर्चात व सवडीच्या वेळी शिकण्याची सोय. आणि तेथे शिकवावयाचे ते हाताचे कसब तेवढे, अशी समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने या महाविद्यालयांची जी योजना आखली, तिचाही भर कौशल्यशिक्षणावरच होता. अशा ठिकाणी तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम असावा असे म्हटले की चांगली शिकलेली माणसे हसतात व विचारतात, गरिबाच्या मुलास तत्त्वज्ञान कशाला? हा प्रश्न दयाबुद्धीचा दिसतो. आमच्या मते त्याच्या पोटी अवहेलना आहे.

निदान छत्रपती संभाजीनगरात तरी तो कोणी विचारू नये. या शहराचे नाव औरंगाबाद होते आणि मराठवाडा निजामी अमलातून सुटून पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा १९५० च्या जून महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय काढले. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ व कायदेपंडित होते. भाकरीची किंमत त्यांस दुसऱ्या कोणी सांगावी असे नव्हते. तरी त्या महाविद्यालयास पुढे नाव मिळाले ते 'मिलिंद', व परिसरास 'नागसेनवन'. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर. भिक्षू नागसेनास त्याने विचारलेले प्रश्न 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात जतन झाले. ज्यांच्या वाडवडिलांस प्रश्न विचारण्याचीही मुभा नव्हती, त्यांची मुले जेथे शिकावयाची त्या विद्यालयास एका प्रश्नकर्त्याचे नाव! याहून स्पष्ट उत्तर आणखी कोणते हवे?

कोणी म्हणतील, आधी पोट भरू द्या, मग विचार. पोट भरलेच पाहिजे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांस ज्यांचा गुरू म्हणून लाभ झाला, त्या जॉन ड्यूई यांनी १९१६ च्या 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' या ग्रंथात दाखवून दिले आहे की, बहुतांस धंद्याचे व थोड्यांस विचाराचे असे शिक्षणाचे दोन भाग पाडणे म्हणजे समाजातील जुनीच वर्गवारी शाळेत आणून बसविणे होय. आपल्या देशात त्या वर्गवारीचे नाव काय, हे वाचकांस सांगावयास नको. धर्मशास्त्राने जी वाट बंद केली होती, ती आता अभ्यासक्रमाने बंद करावयाची काय?

असो. आमचा वाद तत्त्वज्ञानाच्या कैवाऱ्यांशीही आहे. ते अभ्यासक्रम आखावयास बसले म्हणजे थेलीसपासून हेगेलपर्यंत एक यादी करतात, तिच्या शेजारी षड्दर्शनांची दुसरी मांडतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थी दोन्ही घोकतो. अशाने नावे पाठ होतात; विचार करण्याची सवय लागत नाही. आमचे म्हणणे असे की, अभ्यासक्रम एका वर्षाचा, सायंकाळचा व मराठीतून असावा, आणि तो चार प्रश्नांवर रचावा: आपणांस जे ठाऊक आहे ते कशावरून? मी म्हणजे कोण? न्याय कशास म्हणावे? आणि चांगले जगणे कोणते?

पाहा, हे किती सहज साधते. नागसेनाने राजास विचारले की, आपण रथातून आलात, तर रथ म्हणजे आस, की चाके, की जू? वाळूजच्या कारखान्यात दिवसभर दुचाकीचे सुटे भाग जुळवून आलेल्या मुलास हा प्रश्न विचारा. पुस्तकी पंडिताहून तो त्यास लवकर भिडेल. पुढल्या रविवारी त्यास वेरूळास न्यावे. तेथील ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्धांची, पुढील १७ हिंदूंची व शेवटची ५ जैनांची. नित्य आत्मा नाही म्हणणारे, आत्मा आहे म्हणणारे, आणि वस्तूला अनेक बाजू असतात म्हणून सांगणारे, असे तिघे एकाच डोंगरात शेजारी नांदले आहेत. न्यायाच्या प्रश्नास प्लेटोचे 'रिपब्लिक' व बाबासाहेबांचे १९३६ चे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' ही एकमेकांसमोर ठेवावी. एकात माणसांच्या श्रेणी लावून न्याय साधला आहे, दुसऱ्यात त्या मोडून. वर्गात वाद पेटविण्यास एवढे पुरे.

मराठीत परिभाषा नाही, ही सबब तर ऐकूनच घेऊ नये. मुकुंदराजाचा 'विवेकसिंधु' व ज्ञानदेवांची 'ज्ञानेश्वरी' या भाषेत शतकांपूर्वी झाली, आणि दे. द. वाडेकर यांनी संपादिलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' १९७४ मध्ये तीन खंडांत निघाला. उणीव शब्दांची नाही, उत्साहाची आहे.

या शहरास अशा वर्गाची गरज आहे याचे आणखी एक कारण आहे. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला. तो अमलात येण्यास १९९४ चा जानेवारी उजाडावा लागला, आणि मध्यंतरी मराठवाड्यात दलितांची घरे जळली, माणसे मेली. पदवीधरांची वाण तेव्हा नव्हती; भिन्न मत ऐकून घेण्याची सवय मात्र फार थोड्यांस होती. नागसेनाने मिलिंदास चर्चेपूर्वीच अट घातली होती की, पंडितांसारखा वाद करणार असाल तर करू. राजांसारखा करणार असाल, म्हणजे विरोध करणाऱ्यास दंड करणार असाल, तर नाही. राजाने ती मानली. आमच्या अभ्यासक्रमाचा पहिला पाठ हाच असावा.

तेव्हा चालकांनी समित्या नेमीत बसू नये. एक खोली, एक जाणता शिक्षक व कामावरून परतलेले वीस विद्यार्थी एवढ्या भांडवलावर येत्या जूनमध्ये वर्ग उघडावा. गरिबाच्या मुलास तत्त्वज्ञान कशाला, याचे उत्तर मग त्या मुलांसच देऊ द्यावे.