हाताला सराव हवा : लासुर्णे परिसरातील अर्धांगवायूच्या रुग्णांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य, महाराष्ट्र राज्य
मा. अधिष्ठाता, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, बारामती
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, पुणे

विषय : अर्धांगवायूनंतरच्या उपचारांसाठी इंदापूर-बारामती भागात फिजिओथेरपी, व्हीआर (आभासी वास्तव) आणि मेंदू-संगणक जोडणीची सोय करण्याबाबत.

महोदय,

लासुर्णे, बेलवाडी, अंथुर्णे, जंक्शन या पट्ट्यात कोणाच्या अंगावरून वारे गेले की गाव धावून येते. गाडी मिळते, दवाखाना गाठला जातो, मेंदूचा फोटो निघतो. साडेचार तासांच्या आत पोहोचलेल्या रुग्णाला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते, हे आता आमच्याकडच्या पुष्कळ लोकांना माहीत झाले आहे. आमचे मागणे सुरू होते ते रुग्णाला घरी सोडल्यानंतर. कार्डावर शेवटी ‘फिजिओथेरपी चालू ठेवणे’ एवढी ओळ असते. कोठे, कोणाकडे, रोज किती वेळ, हे त्यात नसते. रुग्णाला रोज बारामतीला न्यायचे तर घरातल्या एकाचा रोजगार बुडतो. काही आठवड्यांत फेऱ्या थांबतात आणि मग कबुतराचे रक्त चोळणारे, पाला बांधणारे दारात येतात. त्यांच्याकडे जाणाऱ्या घरांना आम्ही नावे ठेवत नाही. त्यांच्यासमोर दुसरे काही ठेवलेच गेले नाही.

मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही, पण शाबूत राहिलेला भाग त्याचे काम बरेचसे शिकून घेऊ शकतो. हे शिकणे पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वात जोमाने होते आणि ते सरावावर चालते. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उपचाराच्या एका सत्रात रुग्णाच्या हाताकडून कामाच्या हालचाली सरासरी ३२ वेळाच करून घेतल्या जात असल्याचे दिसले. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूची नवी जुळणी दिसली, त्यांत ही संख्या शेकड्यांत होती. अमेरिकेत ही गत असेल तर आठवड्यातून एकदा कसाबसा दवाखाना गाठणाऱ्या आमच्या माणसाच्या वाट्याला काय येत असेल?

म्हणून पहिली मागणी माणसांची आहे. इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि आमच्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत फिजिओथेरपिस्ट ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी बसावेत, आणि त्यांच्यासोबत हाताची कामे व बोलणे परत शिकवणारे तज्ज्ञही फिरतीवर यावेत. घरच्या माणसांना व्यायाम शिकवले की झाले, असे उत्तर कृपया देऊ नये. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर हाच प्रयोग झाला. ‘अटेंड’ नावाच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले : केवळ घरच्यांना शिकवून सोपवल्याने सहा महिन्यांनंतरचे परावलंबित्व कमी झाले नाही. आमच्या बायका, सुना, मुले जीव तोडून करतात. त्यांच्या मायेला जाणत्या हाताची जोड लागते.

दुसरी मागणी व्हीआरची. डोळ्यांवर चष्मा चढवला की समोर खेळ दिसतो, आणि वस्तू उचलताना, ठेवताना, ढकलताना तीच हालचाल न कंटाळता कितीतरी वेळा होते. याचा फायदा कोठे होतो आणि कोठे नाही, हे आम्ही समजून घेतले आहे. कोक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ चाचण्या आणि २,४७० रुग्ण होते. नेहमीच्या उपचाराऐवजी व्हीआर दिले तर हाताला जास्त लाभ दिसला नाही, पण नेहमीच्या उपचारात त्याची भर घातली, म्हणजे सरावाचा एकूण वेळ वाढला, तेव्हा हात सुधारला. त्याच्या आधी, २०१६ मध्ये, १४१ रुग्णांच्या एका चाचणीत व्हिडिओ गेमची तुलना पत्ते आणि डॉमिनोसारख्या साध्या खेळांशी केली गेली. दोन्ही गटांचे हात सारखेच सुधारले. तेव्हा उद्घाटनापुरते चार चष्मे आणून ते कपाटात ठेवणार असाल, तर ते आम्हाला नकोत. चष्म्यासोबत तो चालवणारा माणूस हवा आणि वापराचे तास नोंदवणारी वही हवी. रुग्ण उभा असताना चक्कर येऊन पडू नये यासाठी आधाराची खुर्ची हवी. फिट येणाऱ्यांची आधी तपासणी हवी. यंत्र येईपर्यंत साधा आरसा तरी सुरू करा. चांगल्या हाताचे प्रतिबिंब पाहत दुखावलेला हात हलवण्याच्या त्या उपचाराला अभ्यासांचा आधार आहे आणि त्याचा खर्च जवळजवळ नाही.

व्हीआरचे खेळ मराठीत असावेत. वाचा गेलेल्या माणसाला इंग्रजी सूचना ऐकवण्यात काय अर्थ आहे? भाकरी थापणे, ताटातला घास तोंडाशी नेणे, बादली उचलणे, सदऱ्याचे बटण लावणे या आमच्या हातांच्या रोजच्या हालचाली आहेत. बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना वैद्यकीय महाविद्यालयाच्या देखरेखीखाली हे काम प्रकल्प म्हणून द्यावे. चाचणीसाठी रुग्ण म्हणून आम्ही स्वखुशीने बसू.

आता ज्याच्या हाताचे बोटही हलत नाही त्याचे काय? व्हीआरच्या खेळाला थोडीतरी हालचाल लागते. अशा रुग्णासाठी मेंदू-संगणक जोडणी आहे. डोक्यावर टोपी घालतात आणि तिच्यातील तारा मेंदूचे विद्युत संकेत टिपतात. रुग्णाने हात उघडण्याचा मनोमन प्रयत्न केला की त्या संकेतात बदल होतो, संगणक तो ओळखतो आणि हाताला लावलेले यंत्र त्याच क्षणी बोटे उघडते. मनातला प्रयत्न आणि हाताची हालचाल यांची गाठ पडणे हेच यातले औषध आहे. जर्मनीतील ट्युबिंगेन येथे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३२ रुग्णांच्या चाचणीत एका गटाचे यंत्र रुग्णाच्या प्रयत्नावर चालत होते आणि दुसऱ्या गटाचे प्रयत्नाशी संबंध न ठेवता, कधीही. दोन्ही गटांना फिजिओथेरपी सारखीच मिळत होती, तरी हात पहिल्याच गटाचे अधिक सुधारले.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा एका उपकरणाला एप्रिल २०२१ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे आयआयटी कानपूरमध्ये प्रा. आशिष दत्ता यांच्या चमूने पंधरा वर्षे खपून हाताचे असे यंत्र घडवले. जानेवारी २०२५ मध्ये त्याची माहिती जाहीर झाली, तेव्हा भारतातील चार आणि ब्रिटनमधील चार रुग्ण पूर्ण बरे झाल्याचे सांगण्यात आले. आठ रुग्ण ही फार लहान संख्या आहे. म्हणूनच मोठ्या चाचण्या व्हायला हव्यात, आणि त्या मोठ्या शहरांतील खासगी रुग्णालयांपुरत्या राहू नयेत. बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशा चाचणीचे केंद्र व्हावे, यासाठी शासनाने पुढाकार घ्यावा, ही आमची तिसरी मागणी.

तिला अटी आहेत आणि त्यांत आम्ही तडजोड करणार नाही. संमतीपत्र मराठीत असावे आणि वाचून समजावून सांगावे. ज्याला बोलता येत नाही त्याची खूण ओळखायला वेळ द्यावा. रुग्णाचा प्रवास आणि सोबत्याचा बुडालेला रोज भरून मिळावा. मेंदूतून टिपलेले संकेत रुग्णाचे आहेत, ते त्याच्या परवानगीशिवाय कोणत्याही कंपनीकडे जाऊ नयेत. चाचणी संपल्यावर ज्याला गुण आला त्याच्याकडून यंत्र काढून घेऊ नये.

पैशाबद्दल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अर्धांगवायूनंतरच्या किमान सहा महिन्यांच्या फिजिओथेरपीचे स्वतंत्र पॅकेज असावे आणि त्यात प्रवासखर्चही धरावा. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातला जो ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, त्यातून गटागटाने मिळून व्हीआर संच घेण्याची मुभा स्पष्ट परिपत्रकाने द्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २७ नुसार पुनर्वसन हे शासनाचे आणि स्थानिक संस्थांचे काम आहे, त्यामुळे आम्ही मागतो आहोत ती मेहेरबानी नाही.

एवढे नवे तंत्रज्ञान खेड्यात कशाला, असे कोणी म्हणेल. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मदतीने कृत्रिम बुद्धिमत्ता उसाच्या फडात आणली. आमच्याच शिवारातले शेतकरी मोबाइलवर पाहून पाणी देऊ लागले. उसासाठी जे जमले ते तो ऊस पिकवणाऱ्या हातांसाठीही जमवता येईल.

या पत्राला साठ दिवसांत लेखी उत्तर मिळावे. त्याआधी अधिष्ठाता आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांनी लासुर्णे येथे येऊन रुग्णांसोबत बैठक घ्यावी. बैठक गावातच ठेवावी, कारण आमच्यातील अनेकांना पुण्यापर्यंतचा प्रवास झेपत नाही.

आपले,
लासुर्णे व शेजारच्या गावांतील अर्धांगवायूचे रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांची संघटना