लहान विमानतळांचा आवाज सरासरीत हरवतो

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईसाठी प्रवासी विमानसेवा सुरू झाली आणि पश्चिम विदर्भाची जुनी मागणी पूर्ण झाली. या विमानतळावरची खरी वर्दळ मात्र प्रवासी विमानांची असणार नाही. एअर इंडियाने येथे वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. ३४ प्रशिक्षण विमाने आणि वर्षाला १८० वैमानिक अशी ही योजना आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. साधा गुणाकार केला तरी हे वर्षाकाठी ३६ हजार उड्डाण-तास होतात. त्यातील बराच भाग दूरच्या गावांपर्यंतच्या सरावात जाईल, हे खरे. तरी उरलेला भाग विमानतळाच्या आसपासच्या आकाशातच घालवावा लागतो.

प्रशिक्षणार्थी वैमानिक उतरणे शिकतो ते उतरूनच. विमान धावपट्टीला चाके टेकवते, न थांबता पुन्हा पूर्ण शक्तीने वर जाते, आयताकृती फेरी घेऊन परत येते आणि पुन्हा चाके टेकवते. या सरावाला ‘टच अँड गो’ म्हणतात. एक फेरी पाच-सात मिनिटांत होते आणि ती बहुधा जमिनीपासून सुमारे एक हजार फुटांवरून असते. मोठ्या विमानतळाजवळ राहणाऱ्याला विमान येते आणि जाते एवढे ठाऊक असते. लहान विमानतळाच्या शेजाऱ्याकडे मात्र तेच विमान पुनःपुन्हा येत राहते. एखाद्या फेरीने कुणाचे काही बिघडत नाही. विसाव्या फेरीला माणूस मनात मोजू लागतो.

हा प्रश्न अमरावतीपुरता नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२० मध्ये प्रशिक्षण संस्थांसाठीचे धोरण सैल केले आणि २०२१ मध्ये बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो व लीलाबारी ही पाच ठिकाणे त्यासाठी पुढे आणली. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर प्रशिक्षण आधीपासून सुरू आहे. येत्या १५-२० वर्षांत देशाला सुमारे ३० हजार वैमानिक लागतील, असे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे म्हणणे आहे. ते शिकणार कुठे, याचे उत्तर लहान शहरांची विमानतळे हेच आहे. महानगरांच्या धावपट्ट्यांवर त्यांना जागाच नाही.

कायद्याचे काय? ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. विमानतळांच्या परिसरासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून २०१८ मध्ये वेगळी मानके अधिसूचित केली. वर्षाला ५० हजारांहून अधिक उड्डाणे व अवतरणे होणाऱ्या व्यस्त विमानतळांसाठी दिवसा ७० व रात्री ६५ डेसिबल, इतरांसाठी दिवसा ६५ व रात्री ६० डेसिबल. मानके आली हे चांगलेच झाले. मात्र ही मोजणी सरासरीची आहे. दिवसभरातील एकूण ध्वनिऊर्जा काढून ती सगळ्या वेळेवर समान पसरवली जाते आणि जो आकडा येतो तो मर्यादेशी ताडला जातो.

अडचण इथेच आहे. समजा, एका घरावरून जाणारे छोटे विमान २० सेकंद ७५ डेसिबलचा आवाज करते. एवढ्या आवाजात घरातील बोलणे थांबते, फोनवरचे ऐकू येत नाही. दिवसाच्या १६ तासांत अशी १०० विमाने गेली, तर सरासरी निघते सुमारे ६० डेसिबल. मर्यादा ६५ची. म्हणजे दर दहा मिनिटांनी बोलणे तोडणारा आवाज दिवसभर होत राहिला तरी विमानतळ नियमात बसतो, आणि तक्रार करणारा माणूस कागदावर खोटा ठरतो. त्याची तक्रार फेऱ्यांच्या संख्येची असते. नियम तिला डेसिबलमध्ये उत्तर देतो. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात, म्हणून हे भांडण मिटत नाही.

असे भांडण किती काळ चालू शकते, हे अमेरिकेतील सांता मोनिका येथे दिसते. लॉस एंजेलिसलगतच्या या शहराच्या छोट्या विमानतळावर डग्लस कंपनीचा कारखाना होता. जगप्रसिद्ध डीसी-३ विमानाने १७ डिसेंबर १९३५ रोजी पहिले उड्डाण येथूनच केले. कारखान्यात कामगार आले, कामगारांसाठी घरे आली. दुसऱ्या महायुद्धात तर शत्रूच्या विमानांना चकवण्यासाठी कारखान्यावर जाळ्या पसरून त्यांवर खोटी घरे आणि खोटी झाडे उभारली होती. वरून पाहणाऱ्याला ती वस्तीच वाटावी. पुढे कारखाना गेला, खरी वस्ती राहिली आणि धावपट्टीच्या टोकापासून शंभर मीटरच्या आसपास येऊन भिडली. त्यानंतर जेट विमाने आली.

शहराने उपाय केले. रात्री ११ ते सकाळी ७ उड्डाणास बंदी, शनिवार-रविवारी ही बंदी सकाळी ८ पर्यंत. सुट्टीच्या दिवशी आणि सूर्यास्तानंतर टच अँड गोला मनाई. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना ध्वनिमापक बसवून एकेका उड्डाणासाठी ९५ डेसिबलची कमाल मर्यादा. ही शेवटची तरतूद लक्षात घेण्याजोगी आहे. तिथे सरासरीला थारा नाही. ज्या विमानाने मर्यादा ओलांडली त्याच्या मालकालाच जाब द्यावा लागतो. तरीही वाद शमला नाही. जेटवरील सरसकट बंदी न्यायालयात टिकली नाही. १९९० च्या संघीय कायद्याने इतर शहरांना असे नवे निर्बंध घालणे आणखी अवघड केले. अखेर जानेवारी २०१७ मध्ये शहर आणि संघीय विमान वाहतूक प्रशासन यांच्यात तडजोड झाली. ४,९७३ फुटांची धावपट्टी कमी करून ३,५०० फुटांची केली गेली आणि ३१ डिसेंबर २०२८ नंतर विमानतळ बंद करण्याची मुभा शहराला मिळाली. ती जागा उद्यान आणि मोकळ्या मैदानांसाठी राखण्याचा कौल मतदारांनी २०१४ मध्येच दिला होता. विमानतळाच्या बाजूचे लोक यावर म्हणतात की विमानतळ आधी होता, घरे नंतर आली. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पण घरे येऊ देणारी यंत्रणाही तेव्हा तिथेच होती.

आपल्याकडे जुहू हे याचे परिचित उदाहरण. १९२८ मध्ये सुरू झालेल्या या विमानतळावर जे. आर. डी. टाटा १९३२ मध्ये कराचीहून टपाल घेऊन उतरले, तेव्हा भोवती मोकळी जागा होती. आज कुंपणाला लागून वस्ती आहे आणि विमानतळ मुख्यतः हेलिकॉप्टरांचा झाला आहे.

जर्मनीने निराळी वाट धरली. तेथील १९९९ च्या नियमानुसार वर्षाला १५ हजार किंवा त्याहून अधिक उड्डाणे-अवतरणे होणाऱ्या लहान विमानतळांवर दुपारी १ ते ३ या वेळेत आणि शनिवार-रविवारी दुपारी १ नंतर उड्डाणांवर निर्बंध असतात. मात्र विमान ठरावीक पातळीहून शांत असेल, तर त्याला सवलत मिळते. त्यामुळे ध्वनिरोधक नळी किंवा कमी आवाजाचा प्रोपेलर बसवण्यात मालकाचाच फायदा झाला. नुसत्या विनवणीने हे साधले असते असे वाटत नाही.

छोट्या विमानाचा आवाज इंजिनाइतकाच, कित्येकदा त्याहून अधिक, प्रोपेलरच्या टोकाच्या वेगातून येतो. साधारण १.९ मीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला २,७०० फेरे घेतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २७० मीटर असतो, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या जवळपास ८० टक्के. फेरे २,४०० वर आणले की आवाज जाणवण्याइतका उतरतो. अमरावतीसाठी २०२५ मध्ये मागवलेली पायपर आणि डायमंड विमाने जेट इंधनावर चालणारी, तुलनेने कमी फेऱ्यांच्या इंजिनांची आहेत. हा निर्णय इंधनाच्या सोयीसाठी झाला असला तरी त्याचा लाभ शेजाऱ्यांनाही होईल. विजेवर चालणाऱ्या प्रशिक्षण विमानाला युरोपात २०२० मध्ये मान्यता मिळाली आहे. पण ते एका चार्जवर तासभरही उडत नाही, म्हणून तूर्त त्याचा उपयोग फेऱ्यांच्या सरावापुरता. योगायोगाने सर्वाधिक त्रासही त्याच सरावाचा.

उंची वाढवणे हा दुसरा उपाय. अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. येथे मात्र विदर्भाचा उन्हाळा आडवा येतो. ४५ अंशांच्या उष्णतेत हवा विरळ होते, विमान सावकाश वर चढते आणि घरांवरून जाताना अधिक खाली असते. युरोपातील अंतरे जशीच्या तशी उचलून येथे चालणार नाहीत. दुपारी तापलेली हवा विमानाला हेलकावे देते, त्यामुळे सराव पहाटे आणि संध्याकाळी ठेवावा लागतो. नेमक्या याच वेळा गावाच्या विश्रांतीच्या, आणि उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांना पहाटे भिंतीचाही आडोसा नसतो. फेऱ्यांची बाजू आलटून-पालटून बदलणे, एका वेळी फेऱ्यांत किती विमाने असावीत हे ठरवणे, आठवड्यातून एक सकाळ शांत ठेवणे असे उपाय शक्य आहेत. अर्थात, नवशिक्या वैमानिकाला घरे चुकवण्यासाठी अवघड वळण घ्यायला लावणारा कोणताही उपाय बाद ठरतो.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००१ मध्ये चार मार्ग सांगितले: शांत विमाने, जमिनीच्या वापराचे नियोजन, उड्डाणाच्या पद्धती आणि निर्बंध. भारतात यातील दुसरा मार्ग सर्वांत दुबळा आहे. विमानतळाजवळ इमारत बांधायची तर २०१५ च्या नियमांनुसार उंचीचा ना हरकत दाखला लागतो, त्यासाठी रंगीत नकाशेही तयार असतात. विमानाला इमारतीचा अडथळा होऊ नये, याची ही काळजी. इमारतीत राहणाऱ्याला विमानाचा त्रास किती होईल, हे त्या नकाशात नसते. कॅलिफोर्नियात विमानतळाच्या प्रभावक्षेत्रातील घर विकताना तसे लेखी सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे.

बेलोऱ्याभोवती आज मुख्यतः शेतजमीन आहे. विमानसेवा सुरू झाली की जमिनीचे भाव चढतात, अकृषक परवाने मागितले जातात, लेआउट पडतात, आणि जाहिरातीत विमानतळापासूनचे अंतर मिनिटांत छापले जाते. प्रशिक्षण विमानांच्या फेऱ्यांचा आयत जमिनीवर कुठून कुठवर पडतो, ही माहिती विमानतळाकडे असते. बिगरशेतीची परवानगी देणारे कार्यालय वेगळे असते. हा आयत त्या कार्यालयाच्या नकाशावर उमटवायला फारसा खर्च नाही. पहिला लेआउट मंजूर होईपर्यंत तरी नाही.